उंदराचं घड्याळ आणि आपली गोळी



"मनाच्या आजाराच्या गोळ्या उंदरांचे हाल करून शोधतात म्हणे, मग त्या आपल्याला चालतात कशा?" हा प्रश्न हल्ली स्थानकात, मंडळात, अगदी लग्नाच्या पंगतीतही कानावर येतो. विचारणारीचा हेतू बहुतेक वेळा चांगला असतो. पण रक्तदाबाच्या गोळीबद्दल, सांधेदुखीच्या मलमाबद्दल हा प्रश्न कुणी विचारलेला मी ऐकला नाही. तो निघतो स्किझोफ्रेनियाच्या गोळीपाशी. आणि मग कुणीतरी सुचवते, "त्यापेक्षा गोळ्या बंद करा, सामायिक वाढवा." हे सुचवणं मला धोक्याचं वाटतं, म्हणून आज थोडं लांबलचक लिहिते आहे. चहा घेऊन बसा.

मी बी.कॉम. झालेली बाई. जीवशास्त्राशी संबंध शाळेतच संपला. पण सून औषधनिर्माणशास्त्र शिकलेली आहे, तिनं काही शोधनिबंध माझ्यासमोर ठेवले आणि न कंटाळता समजावले. त्यातला एक धागा मला सोडवेना, तो म्हणजे वेळेचा.

ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. कानात आवाज येणं, संशय येणं हे सगळ्यांना माहीत असतं, कारण सिनेमात तेच दाखवतात. (सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई' त्याहून बराच पुढे गेला. अतुल कुलकर्णींचं त्यातलं काम पाहिलं नसेल तर जरूर पाहा.) पण घरच्यांचा रोजचा जीव जातो तो वेगळ्याच गोष्टीत. आमच्या नात्यातला एक तरुण मुलगा आहे. आंघोळीला गेला की तास उलटतो, आणि बाहेर आल्यावर त्याला प्रामाणिकपणे वाटतं की दहा मिनिटं झाली. कधी उलट. "पाच मिनिटांत येते" म्हणून आई खाली भाजी आणायला गेली, की दोन मिनिटांत हा घाबराघुबरा, आई तासभर आली नाही म्हणून. घरात त्याला सगळे म्हणतात आळशी. आजी म्हणते नाटकी.

या आजारात वेळेची जाणीव बिघडते हे डॉक्टर लोक फार पूर्वीपासून लिहीत आले आहेत. युजीन मिंकोवस्की या मानसोपचारतज्ज्ञानं 'जगलेला काळ' या विषयावर फ्रेंचमध्ये आख्खा ग्रंथ लिहिला, तो १९३३ साली. नंतरच्या काळात रुग्णांना बटणं दाबायला लावून, आवाज ऐकवून शेकडो चाचण्या झाल्या. त्यांत पुन्हा पुन्हा दिसलं ते असं, की या रुग्णांचा वेळेचा अंदाज एकाच बाजूला चुकतो असं नाही, तो डळमळतो. एकदा कमी, एकदा जास्त. बाकीच्यांचा अंदाजही चुकतो, पण यांचा पसारा मोठा.

आता ही वेळेची जाणीव म्हणजे काय, हे आपल्याला स्वयंपाकघरात सगळ्यात चांगलं कळतं. तेल तापलं की मोहरी कधी टाकायची, दूध वर यायला किती अवकाश आहे, हे आपण घड्याळात बघत नाही. बाहेरच्या खोलीत बोलत असतानाही एकदम आठवतं, दूध! हे झोप-जागेचं घड्याळ नव्हे. ते दिवसरात्रीचं घड्याळ मेंदूत वेगळ्या जागी असतं. सेकंदांचा आणि मिनिटांचा हिशोब ठेवणारी यंत्रणा निराळी आहे, आणि तिच्यात मेंदूच्या खोल भागातल्या 'स्ट्रायटम'चा आणि कपाळामागच्या भागाचा मोठा वाटा आहे. तिथं डोपामिन नावाचं रसायन काम करतं. या अंदाजाची गंमत म्हणजे चूक टक्केवारीनं वाढते. पाच मिनिटांच्या अंदाजात एक मिनिट इकडे-तिकडे होणारी बाई तासाच्या अंदाजात बारा मिनिटं चुकेल. व्याजासारखंच, मुद्दल मोठं तर रक्कम मोठी. जॉन गिबन यांनी १९७७ मध्ये हा नियम सूत्रात मांडला, आणि तो माणसाला, उंदराला, कबुतराला सारखाच लागू पडतो.

उंदराला वेळ कळते का, असं तुम्ही विचाराल. आपल्या शास्त्रात उंदीर हा संज्ञी पंचेंद्रिय, म्हणजे मन असलेला जीव, तेव्हा आपल्याला आश्चर्य वाटायचं कारण नाही. प्रयोगशाळेत ते असं तपासतात. एका पेटीत छोटा खटका असतो. दिवा किंवा आवाज सुरू झाल्यावर, समजा वीस सेकंदांनंतर, जो पहिल्यांदा खटका दाबला जाईल त्याला खाऊची एक गोळी मिळते. त्याआधी दाबून काही मिळत नाही. काही दिवसांत उंदीर शिकतो. मग मधूनच एखाद्या वेळी खाऊ देतच नाहीत आणि तो कधी किती वेळा खटका दाबतो ते मोजतात. सुरुवातीला तो स्वस्थ असतो, वीस सेकंद जवळ आले की दाबण्याचा जोर वाढतो, विसाच्या आसपास शिखर येतं, मग "गेलं वाटतं" म्हणून जोर उतरतो. कागदावर काढलं तर टेकडीसारखी रेघ येते. टेकडी अरुंद असेल तर घड्याळ नेमकं, पसरट असेल तर डळमळीत.

१९८० च्या दशकात वॉरन मेक यांनी उंदरांवर दाखवलं, की डोपामिन वाढवणारं औषध दिलं तर टेकडी अलीकडे सरकते, म्हणजे आतलं घड्याळ पळायला लागतं. हॅलोपेरिडॉल दिलं तर ती पलीकडे सरकते, घड्याळ मंदावतं. हॅलोपेरिडॉल हे नाव तुमच्यापैकी काहींच्या घरातल्या चिठ्ठीवर असेल. १९५८ पासूनचं जुनं औषध आहे, स्किझोफ्रेनियाचंच. ते डोपामिनचे 'डी-टू' नावाचे ग्राहक अडवतं. इथंच एक पेच पडतो. रुग्णाची वेळ चुकते ती आजारानं की गोळीनं? रुग्ण तर गोळ्या घेत असतो. दोन्हींचा हिशोब एकाच खात्यात मिसळलेला, वेगळा काढायचा कसा? संशोधक प्राण्यांकडे वळतात त्याचं एक मोठं कारण हे आहे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ख्रिस्तोफ केलेन्डॉंक, एलेनर सिम्पसन आणि नोबेल मिळालेले एरिक कँडेल यांच्या गटानं २००६ मध्ये एक खास छोटे उंदीर तयार केले. काही रुग्णांच्या मेंदूच्या तपासण्यांत स्ट्रायटममध्ये हे डी-टू ग्राहक जास्त सक्रिय दिसले होते. म्हणून या उंदरांत जन्माआधीपासूनच त्याच जागी डी-टू जास्त तयार होतील अशी जनुकात सोय केली. आणि त्याला एक बटणही ठेवलं. डॉक्सिसायक्लिन, जे आपल्याला डॉक्टर जंतुसंसर्गावर देतात तेच, खाण्यातून दिलं की जास्तीचं उत्पादन बंद. म्हणजे उंदीर मोठा झाल्यावर दोष मागे घेता येतो. हे उंदीर तात्पुरतं लक्षात ठेवण्याच्या कामात कच्चे निघाले, आणि दोष मागे घेतल्यावरही कच्चेच राहिले.

२००७ मध्ये याच उंदरांना त्या खटक्याच्या पेटीत बसवलं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पहिली, त्यांची वेळेची जाणीव बिघडलेली होती. दुसरी, त्यांना खटका दाबावासाच वाटत नव्हता. भूक होती, खाऊ आवडत होता, पण त्यासाठी मेहनत घ्यायची उमेद कमी. मग डॉक्सिसायक्लिन देऊन जास्तीचे डी-टू बंद केले. उमेद परत आली. वेळेची जाणीव मात्र परत आली नाही.

हे वाक्य सुनेनं सांगितलं तेव्हा मी तिला दोनदा वाचायला लावलं. घरात आपण या दोन गोष्टींना एकच नाव देतो, आळस. वेळेवर उठत नाही, वेळेवर जेवायला येत नाही, सांगितलेलं काम करत नाही, म्हणून आळशी. आणि इथं एका मुक्या जिवाच्या मेंदूत दिसतंय की 'करावंसं न वाटणं' आणि 'वेळ न कळणं' यांच्या वाटा वेगळ्या असू शकतात. एक सुधारली तरी दुसरी मागे राहते, कारण मेंदू घडत असतानाच काहीतरी वेगळं घडून गेलेलं असतं. औषध सुरू होऊन आठ महिने झाले, मुलगा हसतो बोलतो, बाहेर जातो, पण बस अजूनही चुकवतो. मग घरचे म्हणतात, "गोळ्यांचा काही उपयोग नाही," किंवा "आता बरा झालाय, आता करतोय ते मुद्दाम." त्या उंदरांकडे पाहून दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात.

पण थांबा. मी हिशोब शिकलेली आहे, आणि आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की तेरीज जुळली म्हणजे वह्या बरोबर असं नव्हे. चुकीच्या खात्यात बरोबर रक्कम टाकली तरी तेरीज जुळते. इथंही तसंच आहे. उंदरानं खटका अवेळी दाबला, तर तो वेळ चुकला म्हणून, की लक्ष नव्हतं म्हणून, की दाबायची इच्छाच अर्धी होती म्हणून? कागदावरची टेकडी तिन्हींमुळे पसरते. त्याच गटातल्या लोकांनी २००९ मध्ये हे तपासलं आणि लिहिलं, की या उंदरांच्या वेळेच्या ढिलाईत उमेद कमी असण्याचा आणि स्मरण-अवधान कच्चं असण्याचा हात आहे. म्हणजे मी वर जी दोन नावं वेगळी केली ती आत कुठंतरी एकमेकांत गुंतलेलीही आहेत. शास्त्रज्ञांनी स्वतःच्याच वहीवर असे लाल शेरे मारलेले पाहिले की मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटतो. डोपामिन वाढलं की घड्याळ पळतं, हेही सरळ राहिलेलं नाही. लिस्बनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये उंदरांच्या डोपामिन पेशी थेट चेतवल्या, तर उंदीर वेळ कमीच मोजू लागले. नेमकं उलट.

आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदराला आवाज ऐकू येतात का, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटतं का, हे कुणी विचारू शकत नाही. 'स्किझोफ्रेनियाचा उंदीर' असा शब्द बातम्यांत दिसतो तो मला पटत नाही. आजार माणसाचा, उंदरात त्याचा एक तुकडा नकलून आणलेला. केटामिनसारखी औषधं टोचून तेवढ्यापुरता गोंधळ निर्माण करायचा आणि त्याला आजाराचा नमुना म्हणायचं, असेही पुष्कळ प्रयोग होतात. त्यांतले बरेचसे एकमेकांच्या नकला असाव्यात असं माझं मत झालं आहे, आणि नकलेसाठी जीव घेणं मला मान्य नाही.

आता हिंसेचा हिशोब. तो टाळून पुढे जाणं आपल्याला शोभणार नाही. त्या पेटीतला उंदीर खटका दाबतो कारण त्याला मुद्दाम अर्धपोटी ठेवलेलं असतं, वजन नेहमीच्या साधारण पंच्याऐंशी टक्क्यांवर. आपण उपवास करतो, आठ-आठ दिवस करतो, पण पच्चक्खाण आपण स्वतः घेतो. त्या जिवाची भूक त्यानं घेतलेली नाही. आणि प्रयोग संपल्यावर मेंदू पाहण्यासाठी बहुतेकांना मारतात. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण गोळीवर चर्चा करायची तर ही बाजूही वहीत आली पाहिजे.

मग पर्याय आहे का? काही बाबतीत आहे. वेळेची जाणीव ही अशी गोष्ट आहे की माणूस स्वतः बटण दाबून सांगू शकतो. डोक्यावर तारांची टोपी घालून मेंदूच्या लहरी मोजता येतात, कुणाला इजा न होता. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठानं २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात रुग्णांनी अशीच वेळ मोजली, आणि त्यांच्या कपाळामागच्या भागातली एक मंद लहर क्षीण दिसली. पण पुढचा अर्धा भाग उंदरांवरच झाला. त्यांच्या मेंदूत डोपामिनचं काम अडवून तशीच लहर क्षीण केली, आणि छोट्या मेंदूकडून येणारे धागे सेकंदाला दोनदा या लयीत चेतवले, तर वेळेची जाणीव सावरली. उद्या यातून एखादा उपचार निघेलही. हा दुसरा भाग माणसावर करता आला असता असं मला म्हणता येत नाही. आणि जन्माआधी जनुक बदलून वीस वर्षं वाट पाहणं तर माणसात शक्यच नाही. इथं माझी अहिंसा आणि माझी त्या मुलाबद्दलची काळजी समोरासमोर उभ्या राहतात, आणि मी त्यांचा समेट झाल्याचं खोटं सांगणार नाही.

जे करता येतं ते मात्र सांगते. रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ मध्येच तत्त्व मांडलं होतं. शक्य तिथं प्राण्याऐवजी दुसरा मार्ग, नाही तर प्राण्यांची संख्या कमी, नाही तर निदान त्रास कमी. आपल्या देशात १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा आहे, आणि १९९८ च्या नियमांप्रमाणे प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिसमिती लागते. मला ज्याचं नवल वाटलं ते हे, की त्या समितीत एक सदस्य शास्त्रज्ञ नसलेला, सामाजिक भान असलेला असावा लागतो. ही खुर्ची आपली आहे! आपला समाज पांजरापोळांना आणि गोशाळांना सढळ हातानं देतो, ते द्यावंच. पण "हाच प्रयोग आधी झालाय का? वीस उंदरांऐवजी दहांत भागेल का?" असं विचारायला आपली एखादी शिकलेली सून किंवा निवृत्त बँकवाली ताई तिथं का बसू नये? २०२३ मध्ये आपल्या सरकारनं नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांशिवायच्या चाचण्यांनाही जागा केली. हवा बदलते आहे.

पण यातलं काहीही आज रात्रीची गोळी बंद करण्याचं कारण होत नाही. ती गोळी थांबवल्यानं गेलेला एकही जीव परत येत नाही. तरुण मुलाचा आजार मात्र उलटतो, आणि उलटल्यावर पहिल्या जागी यायला पुष्कळ वेळ लागतो, काही वेळा तो तिथवर येतच नाही. ज्या बहिणी धर्माच्या नावानं गोळ्या बंद करा सांगतात, त्यांना माझा प्रश्न आहे. संज्ञी पंचेंद्रिय तोही आहे ना? "कर्माचा उदय आहे" म्हणून सोडून देतात, तर असाता वेदनीयाच्या उदयानंच ताप येतो, आणि तापाला आपण औषध देतोच. आणि सामायिक? ती जरूर करू द्या, त्याला करावीशी वाटत असेल तर. पण दोन घडी, अठ्ठेचाळीस मिनिटं. आपल्या आचार्यांनी एका मुहूर्ताच्या १,६७,७७,२१६ आवलिका मोजल्या, आणि इथं एक मुलगा असा आहे की ज्याला पाच मिनिटं आणि पन्नास मिनिटं यांतला फरक आतून कळत नाही. त्याला आसनावर बसवून "हालू नकोस" म्हणणं ही साधना होत नाही. वाळूची घडी त्याच्यासमोर ठेवा, वाळू किती उरली ते डोळ्यांना दिसू दे. एक घडी झाली तरी पुष्कळ.

घरातही हेच करा. आतलं घड्याळ डळमळीत असेल तर बाहेरचं द्यायचं. "लवकर ये" म्हणू नका, "मोबाइल वाजला की ये" म्हणा. "थोड्या वेळानं जेवू" ऐवजी "कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की ताटं". आंघोळीच्या वेळी बाहेर दहा मिनिटांचा गजर लावा आणि वाजला की एक हाक, न ओरडता. आमच्या त्या घरात हे सुरू झाल्यावर मुलगा बरा झाला असं मी म्हणत नाही, पण भांडणं निम्म्यावर आली. आई म्हणाली, आता मी घड्याळावर चिडते.

एक शेवटची, अगदी व्यवहाराची गोष्ट. चातुर्मास तोंडावर आहे. ज्यांच्या घरी रात्रीची गोळी आहे आणि चौविहारही आहे, त्यांनी गोळी गपचूप सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं तीनशे माणसांमागे सुमारे एकाला हा आजार असतो, तेव्हा आपल्या प्रत्येक संघात अशी घरं आहेत, लपवली तरी आहेत. डॉक्टरांना सरळ सांगा की आम्ही सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही. काही गोळ्यांची वेळ अलीकडे आणता येते, काहींची नाही. उपवासात पाणी कमी पडलं तर काही औषधं रक्तात वाढतात, लिथियम त्यातलं एक, तेव्हा उपवासाचंही विचारा. वेळ बदलता येत नसेल तर महासतीजींकडून आगार समजून घ्या. पच्चक्खाणात समाधी राखण्यासाठी सूट आधीपासूनच ठेवलेली आहे, आपण नव्यानं काही मागत नाही. आणि बोलायला जवळ कुणी नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. हे सगळं आषाढातच विचारून ठेवा. पर्युषणाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांचा फोन लागत नाही.